माणसाने घ्यायची गोळी, मरायचा डास

हत्तीरोगासाठी एकाच वेळी तीन औषधे देण्याची मोहीम आपल्या देशात 2018 च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत सुरू झाली. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत महाराष्ट्रातला एकच होता, आपला नागपूर. बिहारमधला अरवल, झारखंडमधला सिमडेगा, उत्तर प्रदेशातला वाराणसी आणि कर्नाटकातला यादगीर हे बाकीचे चार. डीईसी आणि अल्बेंडॅझोल या दोन गोळ्या लोकांच्या ओळखीच्या होत्या. तिसरी नवी होती, आयव्हरमेक्टिन. ती उंची मोजून द्यायची असते. 90 सेंटिमीटरच्या आतल्या लेकराला ती द्यायचीच नाही. 119 पर्यंत एक गोळी, 120 ते 140 पर्यंत दोन, 158 पर्यंत तीन आणि त्याच्या वर चार. घरातल्या एकेकाने खुणांच्या पट्टीला पाठ लावून ताठ उभे राहायचे, आशाताईंनी खूण बघून तेवढ्या गोळ्या हातावर ठेवायच्या आणि त्या त्यांच्यासमोरच गिळायच्या. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, म्हणून जेवणाची वेळ साधून घर गाठायचे. ‘ठेवून जा, मग घेतो’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा चक्कर मारायची. हे सगळे हत्तीपायाच्या जंतांसाठी चाललेले असते. पण ज्याच्या पोटात ही गोळी गेली, त्याचे रक्त पुढचे काही दिवस मलेरियाच्या डासाला मारक ठरते. पुढची पाने त्या गुणाबद्दल आहेत.

नागपूरच्याच सावनेर तालुक्यातल्या वाचकाला हे औषध परके नाही. मोहिमेत नाही तर खरजेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले असते, आणि गोठ्यात तर हमखास. गोचीड झाल्या, जनावर खंगले की पशुवैद्यक जे इंजेक्शन टोचतात, त्यात पुष्कळदा हेच असते. जन्मही त्याचा जनावरांसाठीच झाला. जपानमध्ये इतो शहराजवळ कावाना येथे, गोल्फच्या मैदानालगतच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा काढला. अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्याच्यातले जंतनाशक द्रव्य हेरले. 1981 मध्ये औषध जनावरांसाठी बाजारात आले आणि 1987 पासून आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे येणाऱ्या अंधत्वावर माणसांना फुकट मिळू लागले. 2015 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. उरलेला अर्धा मिळाला चीनच्या तू योयो यांना, मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. मलेरियाच्या परजीवीला मारणारे औषध आणि मलेरियाच्या डासाला मारणारे औषध असे एकाच पारितोषिकात शेजारी बसले. त्या वेळी या दुसऱ्या गुणाची चर्चा थोड्या संशोधकांपुरतीच होती.

औषधाचे काम समजायला सोपे आहे. जंत, गोचीड, डास यांच्या मज्जापेशींवर आणि स्नायूंवर क्लोराइड आत सोडणारी एक प्रकारची दारे असतात. आयव्हरमेक्टिन ती उघडी धरून ठेवते आणि त्या जिवाचे स्नायू लुळे पडतात. माणसाच्या शरीरात हुबेहूब तशी दारे नाहीत. त्यांच्याशी थोडे नाते सांगणारी आहेत ती मेंदूत, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा औषधाला सहसा तिथे पोचू देत नाही. म्हणून माणसाला ते नेमक्या मात्रेत सोसते. रक्त पिणारी मादी मात्र पोटभर औषध घेऊन उडते. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत ती मरते. जी वाचते तिची अंडी घालण्याची ताकदही घटते.

एवढ्याने मलेरिया कमी का व्हावा, याचे उत्तर डासाच्या आयुष्यात आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात गेल्या गेल्या पुढच्या माणसाला देता येत नाही. पोटातून वाढत वाढत लाळेच्या ग्रंथीपर्यंत यायला त्याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. डासीण तर दर दोन-तीन दिवसांनी रक्त शोधते आणि रोज तिच्यापुढे मरणाची शंभर कारणे असतात. म्हणजे रोग पसरवण्याचे काम फक्त म्हाताऱ्या डासिणी करतात. हिशेब करून पाहा. शंभर डासिणींनी एकाच दिवशी मलेरियाच्या रुग्णाचे रक्त प्यायले आणि त्यांतल्या रोज 85 टक्के जगत गेल्या, तर बाराव्या दिवशी चौदा उरतात. रोज जगण्याचे प्रमाण 85 वरून 75 वर आणले तर उरतात तीन. रोजच्या मरणात दहा टक्क्यांची भर पडली आणि धोकादायक डासिणी चौदावरून तीनवर आल्या. जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी 1950 च्या दशकात मलेरियाचे जे गणित मांडले, त्याचे मर्म हेच होते. घरातल्या भिंतींवर डीडीटी फवारण्यामागचा विचारही हाच, कारण रक्त पिऊन जड झालेली डासीण भिंतीवर टेकते. त्या फवारणीने या देशात काय केले ते आकड्यांत दिसते. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता; 1965 मध्ये नोंदलेले रुग्ण एक लाखावर आले. मग डास औषधाला सरावले, कामात ढिलाई आली आणि 1976 मध्ये आकडा पुन्हा 64 लाखांच्या वर गेला.

आज फवारणी आहे, औषध भरलेली मच्छरदाणी आहे, गप्पी मासे आहेत. पण संध्याकाळी अंगणात, शेतात राखणीला, खाणीच्या पाळीला जाताना रस्त्यात चावणारा डास भिंतीवरही टेकत नाही आणि मच्छरदाणीतही येत नाही. त्याला रक्त तर प्यावेच लागते. रक्तातच औषध असले तर तो कुठे चावला, किती वाजता चावला, याने काही फरक पडत नाही. मला या कल्पनेचे सगळ्यात मोठे बळ इथेच दिसते.

कल्पना बळकट असली तरी पुरावा लागतो, आणि पुरावा सरळ रेषेत आलेला नाही. बुर्किना फासोतल्या आठ गावांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दर तीन आठवड्यांनी गोळी दिलेल्या गावांत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मलेरियाचा ताप सुमारे 20 टक्क्यांनी कमी वेळा आला. आनंदाची गोष्ट होती. मग त्याच देशात अधिक मोठी मात्रा देऊन दुसरा प्रयोग झाला, आणि तिथे मुलांना आधीच मलेरियाप्रतिबंधक औषध दिले जात असल्यामुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, वेगळा फायदा दिसला नाही. गिनी-बिसाऊच्या बिजागोस बेटांवरही मलेरियाच्या औषधाला आयव्हरमेक्टिनची जोड देऊन अधिक काही हाती लागले नाही. 2024 पर्यंत उत्साह बराच ओसरला होता.

त्यानंतर केनियाच्या किनाऱ्यावरच्या क्वाले परगण्याचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाळ्याच्या सुरुवातीला, महिन्यातून एकदा अशी तीन महिने गोळी, वजनाच्या किलोमागे 400 मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 24 मिलिग्रॅम, म्हणजे तीन मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. आपल्या हत्तीरोगाच्या मात्रेच्या साधारण दुप्पट. वीस हजारांवर माणसे त्यात सहभागी होती. तुलनेच्या गावांना जंताची अल्बेंडॅझोल दिली. मच्छरदाण्या दोन्हीकडे होत्या. 5 ते 15 वर्षांच्या मुलांमध्ये मलेरियाची नवी लागण 26 टक्क्यांनी कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने अशा औषधांकडून किमान 20 टक्क्यांची अपेक्षा ठेवलेली आहे, तिच्यापेक्षा हे जास्त. याच प्रकल्पाचा मोझांबिकमधला भाग चक्रीवादळाच्या आणि कॉलऱ्याच्या तडाख्यात सापडला. मलेरियासाठी या औषधाची शिफारस संघटनेने अजून केलेली नाही, आणि माझ्या मते ही घाई न करणे योग्यच आहे. 26 टक्के म्हणजे मच्छरदाणी गुंडाळून ठेवण्याइतके मोठे यश नव्हे. मच्छरदाणी असूनही जे उरते, त्यातला चौथा हिस्सा कमी होणे, असा त्याचा अर्थ आहे.

इथवर सगळे आफ्रिकेचे झाले. सावनेरला आले की गोष्ट बदलते, आणि ज्यासाठी हे लिखाण हाती घ्यावेसे वाटले तो भाग इथे सुरू होतो.

आफ्रिकेतला मुख्य डास अ‍ॅनोफिलिस गॅम्बी. त्याला माणसाचे रक्त हवे असते, दुसरे चालत नाही म्हटले तरी चालेल. आपल्या खेड्यातला मुख्य वाहक अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस. देशातल्या ग्रामीण मलेरियाचा बहुतेक भार याच्या माथी आहे, आणि गंमत अशी की त्याला माणसापेक्षा ढोरे जास्त आवडतात. पावसाळ्यानंतर कोलार नदीचे पाणी ओसरते, पात्रात वाळूच्या आणि खडकांच्या मध्ये स्वच्छ पाण्याची डबकी राहतात, त्यांवर ऊन पडते. या डासाच्या अळ्या अशाच पाण्यात वाढतात. कन्हानकाठी खापा-वाकीकडेही तेच. पाटाचे पाणी, वावरातले खड्डे, हिरीभोवतीची थारोळी हीही त्याला चालतात. आणि रक्त पिऊन झाले की तो गोठ्यात बसतो. कीटकतज्ज्ञ डास गोळा करायला भल्या पहाटे जातात ते गोठ्यातच. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात नळी. गव्हाणीच्या वरची काळवंडलेली भिंत, छपराच्या वाशाची खालची बाजू, टांगलेल्या दोरखंडाचा आडोसा असे बघत जायचे. पोट लाल दिसणारी मादी दिसली की नळीचे तोंड तिच्यावर धरून श्वास ओढायचा. मलेरियाचा डास ओळखायला सोपा, तो शेपटाकडचा भाग वर करून तिरपा बसतो. त्याच्या पोटातले रक्त कोणाचे, गाईचे की माणसाचे, हे प्रयोगशाळेत तपासता येते. क्युलिसिफेसीसच्या पोटात बहुतेकदा जनावराचे रक्त निघते. शिवाय हा एकच डास नाही. ए, बी, सी, डी, ई अशा नावांची दिसायला सारखी पाच भावंडे आहेत, त्यांतले ‘बी’ रोग पसरवण्यात अगदीच कमकुवत.

आता गावातल्या प्रत्येक माणसाने गोळी घेतली असे धरा. दहा डासिणींतल्या आठ जर कपिलेचे किंवा सर्जा-राजाचे रक्त पिऊन पोट भरत असतील, तर त्या आठ जणींना माणसाच्या रक्तातले औषध मिळणारच नाही. क्वालेचे 26 टक्के जसेच्या तसे उचलून विदर्भात लावता येत नाहीत ते यामुळे. पण याच अडचणीला दुसरी बाजू आहे. औषध जनावरांचेही आहे, आणि गोठ्यात ते आधीच पोचलेले आहे. माणूस आणि गोठा दोघांनाही एकाच आठवड्यात औषध दिले तर डासिणीला सुरक्षित रक्त उरतच नाही. आफ्रिकेतही जनावरांना औषध देण्याचा विचार झाला, पण आपल्याइतकी त्याची गरज क्वचित कुठे असेल.

गोठ्यातले अडथळे मी लपवून ठेवणार नाही, कारण त्यावरच ही गोष्ट अडेल किंवा तरेल. दुभत्या गाई-म्हशींना साधे आयव्हरमेक्टिन देऊ नये, ते दुधात उतरते. दुधात फारच थोडे उतरते म्हणून सुरक्षित मानले गेलेले एप्रिनोमेक्टिन हे त्याचे भावंड आहे, पण ते महाग. औषध शेणातून बाहेर पडते आणि शेणातल्या किड्यांना मारते. ते किडे शेण जमिनीत नेऊन गाडतात, ज्याच्यावर संत्र्याचा आणि कपाशीचा शेतकरी न बोलता अवलंबून असतो. एकाच औषधाचा मारा चालू राहिला की जंत त्याला दाद देईनासे होतात. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांत हे जगभर झालेले आहे. आणि पैशाचा प्रश्न आहेच. माणसाच्या मलेरियासाठी बैलाला टोचायच्या इंजेक्शनचा खर्च आरोग्य खात्याने करायचा की पशुसंवर्धनाने? दोन खात्यांच्या फायली एकमेकींना भेटत नाहीत, हे तालुक्यात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. माझे मत असे की पोळ्याच्या आधीचा पंधरवडा या दृष्टीने सोन्यासारखा आहे. त्या वेळी बैल घरी असतात, त्यांना धुतात, खांदेमळणी होते, शेतकऱ्याचे सगळे लक्ष जनावरावर असते, आणि हिवतापाचा हंगाम नुकताच वर येत असतो. लसीकरणासाठी गोठ्यात जाणारा पशुवैद्यक त्याच फेरीत बैलांना आणि भाकड जनावरांना औषध देऊ शकेल.

माणसांच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. हत्तीरोगाची गोळी घेणाऱ्याला निदान स्वतःच्या रक्तातले जंत मरतील असे सांगता येते. मलेरियासाठी आयव्हरमेक्टिन घेणाऱ्याला त्या रात्री डास चावतोच. तो मरतो नंतर. फायदा मिळतो तो त्या डासिणीने पुढे ज्याला चावले असते त्याला. गोळी गरोदर बाईला देत नाहीत, नुकत्याच बाळंत झालेलीला देत नाहीत, 90 सेंटिमीटरच्या आतल्या लेकराला देत नाहीत. आणि मलेरिया सगळ्यात जास्त घात करतो तो याच तिघांचा. म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी गोळी घ्यायची ती ज्यांना घेता येत नाही त्यांच्यासाठी. अशी औषधे आपल्या कार्यक्रमात आधीही आहेत. फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विनचा जो एकच डोस देतात, त्याने त्याचा ताप लवकर उतरत नाही. रक्तात राहिलेले, डासामार्फत पुढे जाऊ शकणारे परजीवी तेवढे मरतात. ‘ताप तर गेला, आता कशाला?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला आशाताई समजावते तेव्हा ती हेच सांगत असते. तिला हे सांगता येते, आणि लोकांना ते पटते. खरूज, उवा, पोटातले काही जंत यांपासून सुटका हा गोळी घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा, तोही लहान नाही. रात्रभर खाजवणारे मूल झोपले की आईला त्याचा अर्थ लगेच कळतो.

विश्वास मात्र जपायला हवा. मे 2021 मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी 18 वर्षांवरील सगळ्यांना कोरोना टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्याविरुद्ध सांगितले होते. कोरोनावर या औषधाचा उपयोग सिद्ध झाला नाही, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय उपचार सूचनांतूनही ते वगळले गेले. दरम्यान ते घरोघरी गिळले गेले होते. मग त्याच औषधाबद्दल ‘आता हे डास मारते’ असे कोणी सांगू लागले तर लोकांनी भुवया उंचावल्या तर नवल नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पानावर काय सिद्ध झाले आहे आणि काय अजून नाही, ते वेगळे सांगितले आहे. आणि इथे एवढे ठासून लिहितो: दुकानातून आणून स्वतःच्या मनाने ही गोळी घेऊ नये, आणि गोठ्यातले इंजेक्शन तर माणसाने कधीच नाही. एकट्या माणसाने गोळी घेतल्याने गावातला एकही धोका कमी होत नाही. गावातल्या बहुतेकांनी त्याच आठवड्यात घेतली तरच डासांचे आयुष्य घटते. हत्तीरोगाची वर्षाला एकदा दिलेली गोळी मलेरियाच्या कामी फारशी का येत नाही, तेही यावरून कळेल. तिचा डासावरचा असर आठवडाभर टिकतो. हंगाम तीन-चार महिन्यांचा असतो. शिवाय हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास गटाराच्या पाण्यातला, आणि त्याच्यावर हे औषध तितके चालत नाही.

याच दिशेने आणखी काही वाटा निघत आहेत. अल्काप्टोन्युरिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारावर दिले जाणारे निटिसिनोन घेणाऱ्यांचे रक्तही डासांना मारक असल्याचे 2025 मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवले. आयव्हरमेक्टिनला डास सरावले तर हाताशी दुसरे काही असावे म्हणून ते महत्त्वाचे. हार्वर्डमध्ये तर उलटा विचार झाला. डासाला मारण्यापेक्षा त्याच्या पोटातल्या परजीवीलाच मारायचे. मच्छरदाणीच्या धाग्याला मलेरियाचे औषध लावायचे, त्यावर टेकलेल्या डासिणीच्या पायांतून ते आत जाते आणि तिच्या पोटातला मलेरिया बरा होतो. ती जगते, चावते, पण रोग देत नाही. प्रयोगशाळेच्या बाहेर ते अजून यायचे आहे, तरी वाचताना मन हरखून जाते.

हे सगळे करून बघायचे कुठे? मलेरिया जिथे जास्त, तिथेच औषधाचा परिणाम आकड्यांत दिसेल, आणि महाराष्ट्रात तो भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे. तिथे क्युलिसिफेसीसबरोबर डोंगरझऱ्यांतला फ्लुविएटिलिसही आहे, त्यामुळे गोठ्याचे गणित आणखी वेगळे मांडावे लागेल. सावनेरमध्ये रुग्ण इतके थोडे की त्यांच्या संख्येवरून काही ठरवता येणार नाही. डासांवरून मात्र ठरवता येईल. औषध दिलेल्या बैलाचे आणि न दिलेल्या बैलाचे रक्त प्यायलेल्या डासिणी किती दिवस जगतात, गोठ्यातल्या डासांच्या पोटात माणसाचे रक्त किती निघते, पोळ्याच्या आधी आणि नंतर त्यात काय फरक पडतो, हे इथल्या गोठ्यांत, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर, मोजता येण्यासारखे आहे. उंचीची पट्टी धरून घरोघरी गोळ्या देण्याचा अनुभव जिल्ह्याकडे आहे. देशाने 2030 पर्यंत मलेरिया संपवायचे ठरवले आहे. शेवटचे थोडे रुग्ण नेहमी सगळ्यात चिवट असतात, 1965 नंतर आपण ते बघितले आहे, आणि त्यांच्यासाठी फवारणीपलीकडचे काही हाताशी लागणार आहे.

वाचकाला एकच सुचवणे. पहिले प्रकरण औषधशास्त्राचे आहे, ते अवघड वाटले तर सोडून द्यावे आणि तिसऱ्यापासून, गोठ्यापासून सुरुवात करावी. आशाताई, पशुवैद्यक आणि सरपंच यांनी चौथे आणि पाचवे प्रकरण एकत्र बसून वाचले तर उत्तम, कारण त्यातले प्रश्न तिघांपैकी एकाला एकट्याने सोडवता येणार नाहीत.